भोके नसलेले छोटे सर्किट बोर्ड डब्यात पक्के कसे बसवावेत?

गच्चीवरची_टाकी (शनिवार, सकाळी ९.४०)

नमस्कार. आमच्या इमारतीच्या टाकीसाठी मी गेल्या दिवाळीत पाण्याच्या पातळीचा एक नियंत्रक तयार केला. टाकीत दोन फ्लोट स्विच (पाण्याबरोबर वरखाली होणारे तरंगते स्विच) आहेत. डब्यात ईएसपी३२ या वायफाय असलेल्या मायक्रोकंट्रोलरचा ३० पिनांचा बोर्ड, ५ व्होल्टचे रिले मॉड्यूल, २३० व्होल्टवरून ५ व्होल्ट देणारे छोटे पॉवर सप्लाय मॉड्यूल आणि डीएस३२३१ चे घड्याळ आहे. रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) पंपाच्या कॉन्टॅक्टरची (मोटार चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल चालवतो. सर्किटबद्दल माझी काहीच तक्रार नाही, कारण पाच महिने ते अचूक चालले.

प्रश्न बसवण्याचा आहे. पॉवर सप्लायच्या बोर्डाला भोके नाहीत आणि घाई होती म्हणून मी सगळेच बोर्ड ग्लू गनने डब्याच्या तळाला चिकटवले. डबा पश्चिमेकडच्या कठड्याच्या भिंतीवर आहे. एप्रिलमध्ये एके दिवशी पंप बंद होईना म्हणून डबा उघडला, तेव्हा पॉवर सप्लाय सुटून स्वतःच्या तारांवर लोंबकळत होता आणि त्याच्या २३० व्होल्टच्या बाजूचे टोक ईएसपी३२ च्या पिनांपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर येऊन थांबले होते. ग्लूचा गोळा डब्यातच राहिला होता आणि त्यावर बोर्डच्या सगळ्या सोल्डरच्या डागांचे ठसे स्वच्छ उमटलेले होते, म्हणजे बोर्ड त्यातून अलगद निघाला होता. खाली शेजारची मुले खेळतात आणि टाकीवर प्लंबर चढतो, त्यामुळे हे दृश्य पाहिल्यापासून मला चैन नाही.

भोके नसलेले असे बोर्ड तुम्ही कसे बसवता, हे कृपया सविस्तर सांगावे.

प्रयोगवही (शनिवार, सकाळी १०.१५)

ठसे स्वच्छ उमटले यातच कारण दिसते. ग्लू गनची कांडी साधारण ६० ते ८० अंशांच्या दरम्यान मऊ होऊ लागते आणि उन्हातला बंद डबा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. शिवाय काचतंतू-इपॉक्सीचा बोर्ड गुळगुळीत असतो, त्यावर या ग्लूची पकड मुळातच कच्ची असते. उरलेला ग्लू खरवडू नका. कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडून मिनिटभर थांबा, म्हणजे तो रबरासारखा अखंड सुटून येईल.

भोके नसलेल्या बोर्डसाठी माझी नेहमीची पद्धत अशी आहे, की त्या बोर्डला डब्यात बसवायचेच नाही. एक झिरो पीसीबी (भोकांच्या ओळी असलेला कोरा बोर्ड) घ्यायचा, त्यावर फीमेल बर्ग स्ट्रिप (पिना खोचण्याच्या पट्ट्या) सोल्डर करायच्या आणि ईएसपी३२, घड्याळ वगैरे त्यात खोचायचे. मग झिरो पीसीबीच्या चार कोपऱ्यांत ३.२ मिलिमीटरची भोके पाडून तो एम३ च्या (३ मिलिमीटर जाडीच्या स्क्रूच्या) स्पेसरवर, म्हणजे छोट्या खांबांवर, उभा करायचा. एखादे मॉड्यूल जळाले, तर ते उपटून दुसरे लावता येते. झिरो पीसीबी तपकिरी फिनॉलिकचा न घेता हिरवा ग्लास इपॉक्सीचा घ्यावा, कारण फिनॉलिक काठाजवळ भोक पाडताना तडकतो.

भोसरी_पॅनेल (शनिवार, सकाळी ११.०५)

प्रयोगवही यांची पद्धत ईएसपी३२ आणि घड्याळासाठी उत्तम आहे, परंतु २३० व्होल्टचे मॉड्यूल त्याच झिरो पीसीबीवर आणायचे असेल तर थांबा. झिरो पीसीबीवर तांब्याच्या टिकल्या २.५४ मिलिमीटरच्या अंतराने असतात आणि दोन टिकल्यांमधली मोकळी जागा एक मिलिमीटरही भरत नाही. फेज आणि कमी व्होल्टची बाजू यांच्यात मी किमान ६ ते ८ मिलिमीटर मोकळे अंतर ठेवतो. एकाच बाजूला तांबे असलेला बोर्ड असेल, तर मधल्या सलग तीन ओळींच्या टिकल्या गरम सोल्डरिंग आयर्नने सैल करून काढून टाकाव्यात, म्हणजे उरलेल्या टिकल्यांत साधारण ८ मिलिमीटर मिळतात. त्याहून चांगले म्हणजे २३० व्होल्टची वस्ती पूर्ण वेगळी करावी आणि मध्ये हायलम शीटची (वीजरोधक कडक फळीची) उभी पट्टी घालावी.

मी एकवीस वर्षे कंट्रोल पॅनेलचे वायरिंग करतो. तुमचा बोर्ड सुटला हे अर्धेच दुखणे आहे. सुटलेला बोर्ड तारांवर लोंबकळला, याचा अर्थ बाहेरून येणाऱ्या तारा थेट बोर्डवर आल्या होत्या. आमच्याकडे बाहेरची केबल ग्लँडमधून (केबल घट्ट धरणाऱ्या बुचातून) आत येते, आत आल्याबरोबर टायने बांधली जाते, मग डीआयएन रेलवरच्या (पॅनेलमधल्या धातूच्या प्रमाणित पट्टीवरच्या) टर्मिनलवर संपते आणि तिथून पुढे बोर्डकडे वेगळी बारीक तार जाते. प्लंबरचा पाय केबलमध्ये अडकला, तरी ओढ टर्मिनलच्या पुढे जात नाही. तुमच्या डब्यात ३५ मिलिमीटरच्या रेलचा बोटभर तुकडा सहज मावेल. बोर्ड कशावर बसवला हा प्रश्न मी नेहमी दुसरा विचारतो. पहिला प्रश्न असा, की केबल कुठे बांधली आहे?

रविवारचा_सोल्डर (शनिवार, दुपारी १२.३०)

ग्लू गनला सरसकट नाकारणे मला पटत नाही. माझ्या घरात देव्हाऱ्याचे दिवे, दारावरची घंटा आणि मुलीच्या टेबलावरचे घड्याळ अशी पाच-सहा कामे आठ वर्षे ग्लूवर उभी आहेत आणि एकही सुटलेले नाही. ती सगळी घरात, सावलीत, ५ व्होल्टवर चालतात, हे मात्र मान्य करतो. प्रत्येक छोट्या कामासाठी स्पेसर, ड्रिल आणि रेल आणायला सांगितले, तर नव्या मुलांची उमेद खचेल. घरातल्या कमी व्होल्टच्या कामाला जाड फोमची दुहेरी चिकटपट्टीसुद्धा पुरते. फक्त बोर्डच्या खालची टोके आधी निपरने कापून घ्यावीत, नाहीतर ती फोममधून आरपार जातात.

भोसरी_पॅनेल (शनिवार, दुपारी १२.५५)

५ व्होल्टला आणि घरात, हे मान्य. २३० व्होल्टच्या बोर्डला चिकटपट्टी किंवा ग्लू हा एकमेव आधार असू नये, एवढाच माझा आग्रह आहे आणि तो मी सोडणार नाही.

खारे_वारे (शनिवार, दुपारी २.१०)

रत्नागिरीहून लिहितो. आमच्याकडे उन्हापेक्षा खारी हवा जास्त छळते. साधे लोखंडी स्क्रू एका पावसाळ्यात गंजून डोकी गळतात, म्हणून मी स्टेनलेसचेच वापरतो. पितळी स्पेसर हिरवे पडतात, पण टिकतात.

सिलिकॉनबद्दल सावध करायचे आहे, कारण ग्लू नको म्हटल्यावर लोक हमखास त्याकडे वळतात. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे पुष्कळसे सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा आंबट वास सोडते. तो ॲसिटिक ॲसिडचा वास असतो आणि बंद डब्यात त्याने तांबे खाल्ले जाते. माझा एक बोर्ड असाच गेला: तीन महिन्यांनी उघडला, तर सिलिकॉनच्या कडेने तांब्याच्या रेषेवर हिरवी बुरशी धरल्यासारखे दिसत होते आणि सुईने स्पर्श करताच रेष तुटली. सिलिकॉन लावायचेच असेल, तर नळीवर न्यूट्रल क्युअर असे लिहिलेले पाहून घ्यावे.

डब्याला ग्लँड नेहमी खालच्या बाजूने लावावेत आणि केबलला आत शिरण्यापूर्वी खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकते. सगळे जुळवून झाल्यावर बोर्डवर ॲक्रिलिक कन्फॉर्मल कोटिंगचा (ओल अडवणाऱ्या पातळ थराचा) फवारा मारतो. त्याआधी कनेक्टर, बर्ग स्ट्रिप आणि रिलेचे टर्मिनल चिकटपट्टीने झाकून घ्यायला विसरू नये.

उसाचा_फड (शनिवार, रात्री ८.४५)

दिवसभर रानात होतो, आता धागा वाचला. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला मी मोबाइलने चालू-बंद करण्याचे सर्किट जोडले आहे. रात्रीच्या पाळीला वीज आली की उठून जावे लागायचे, ते आता लागत नाही.

स्टार्टरच्या पेटीत बोर्ड बसवणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कॉन्टॅक्टर ओढला जातो तेव्हा सगळी पेटी हादरते. सुरुवातीला मी माझा डबा पेटीच्या आत, कॉन्टॅक्टरच्या शेजारीच स्क्रूने आवळला होता. दीड महिन्यात दोन स्क्रू सैल होऊन खाली पडले. त्यातला एक कॉन्टॅक्टरच्या खालच्या टर्मिनलजवळ सापडला, तेव्हा अंगावर काटा आला. आता बोर्डचा डबा पेटीच्या बाहेर स्वतंत्र लाकडी फळीवर आहे, नटांच्या जागी नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) आहेत आणि फळी व डबा यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबच्या चकत्या आहेत. दोन हंगाम झाले, एकही नट हललेला नाही.

पालीचेही बघा. तार आत घेण्यासाठी पाडलेले भोक तारेभोवती मोकळे ठेवू नका. शेजारच्या वस्तीवर पाल आत शिरून दोन फेजमध्ये आडवी झाली आणि स्टार्टर जळाला.

निवृत्त_फिटर (रविवार, सकाळी ७.२०)

उसाचा_फड यांनी नायलॉक वापरले ते योग्य केले. काही जण अशा वेळी थ्रेडलॉकरचा (आटे घट्ट धरणाऱ्या द्रवाचा) थेंब टाकतात. धातूत धातू असेल तर चालते, पण एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटच्या डब्याला तो लागला तर प्लास्टिकला बारीक चिरा जातात आणि आवळलेला कोपरा काही दिवसांनी तुटून हातात येतो.

आवळण्याविषयीही सांगतो. बोर्ड १.६ मिलिमीटर जाड असतो. त्याखाली चार स्पेसर एका पातळीत नसतील आणि तुम्ही चारही स्क्रू जोर लावून आवळले, तर बोर्ड वाकतो. वाकलेला डोळ्यांना दिसत नाही, पण त्यावरच्या तांदळाएवढ्या सिरॅमिक कपॅसिटरना ते कळते. त्यांना आतून तडा जातो, आणि तडा गेलेला कपॅसिटर कधीकधी शॉर्ट होतो. म्हणून तीन स्क्रू आधी बसवावेत, मग चौथा स्पेसर बोर्डला आपोआप टेकतो का ते पाहावे. मध्ये फट दिसली, तर ती भरून निघेल एवढा पातळ वायसर तिथे घालावा. स्क्रू ड्रायव्हर तीन बोटांत धरून आवळावा, मुठीत धरून नव्हे.

त्रिमिती (रविवार, सकाळी ९.००)

धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. थ्रीडी प्रिंटर हाताशी असेल, तर भोके नसलेल्या बोर्डसाठी सर्वांत समाधानकारक उपाय म्हणजे खाचेचा पाळणा. दोन लांब कडांना १.८ मिलिमीटर रुंदीची खाच ठेवायची, बोर्ड एका बाजूने सरकवायचा आणि तोंडाशी एक छोटी आडवी पट्टी दोन स्क्रूंनी लावून बंद करायचे. १.६ च्या बोर्डला ०.२ ची मोकळीक पुरते. काठाला चिकटून घटक असतील, तर खाच तिथे तोडावी.

गच्चीवर प्रिंटरचे पीएलए प्लास्टिक मात्र नको. ६० अंशांच्या आसपास ते मऊ पडते, म्हणजे ग्लूचीच गोष्ट पुन्हा घडेल. पीईटीजी साधारण ८० अंशांपर्यंत आणि एबीएस त्याहून पुढे टिकते. स्क्रू थेट प्लास्टिकमध्ये पिळले, तर चार-पाचदा उघडल्यावर आटे जातात, म्हणून मी पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेली छोटी नळी) वापरतो. एम३ च्या इन्सर्टसाठी साधारण ४ मिलिमीटरचे भोक ठेवून तो सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने हळूहळू दाबावा. शेवटचा मिलिमीटर सपाट पट्टीने दाबला, तर तो तिरका जात नाही.

पहिली_सेमिस्टर (रविवार, सकाळी ११.३०)

मी डिप्लोमाला आहे. भोके असूनही मला त्रास होतो. अर्डुइनो ऊनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डची चार भोके चौकोनात नाहीत आणि एका भोकात एम३ चा स्क्रू घातला की त्याचे डोके शेजारच्या हेडरला (पिना खोचण्याच्या पट्टीला) अडते. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या बोर्डमध्ये एम३ शिरतच नाही. निवृत्त फिटर काका, तिथे भोक मोठे करून घेतले तर चालेल का?

निवृत्त_फिटर (रविवार, दुपारी १२.१०)

बाळा, बोर्डचे भोक कधीही मोठे करू नकोस. भोकाच्या कडेला आतल्या थरांतून तांबे गेलेले असू शकते आणि ड्रिलचा कीस दोन थरांना जोडून टाकतो. स्क्रू लहान घ्यावा. ऊनोच्या त्या एका भोकात बारीक डोक्याचा नायलॉनचा स्क्रू घाल, म्हणजे तो हेडरला टेकला तरी बिघडत नाही, किंवा तो कोपरा नुसता स्पेसरवर टेकव आणि उरलेले तीन आवळ.

प्रयोगवही (रविवार, दुपारी १२.४०)

मापांची माझी वही उघडूनच लिहितो. रास्पबेरी पायच्या २०१२ च्या अगदी पहिल्या बोर्डला बसवण्याची भोकेच नव्हती. पुढच्या सुधारणेत दोन आली आणि २०१४ च्या बी प्लसपासून चार झाली. ती सुमारे २.७ मिलिमीटरची असून त्यांना एम२.५ चा स्क्रू लागतो. त्यांची अंतरे ५८ बाय ४९ आहेत, पण बोर्ड ८५ मिलिमीटर लांब आहे. त्यामुळे यूएसबीच्या बाजूचा तेवीस-चोवीस मिलिमीटरचा भाग आधाराविना पुढे राहतो आणि यूएसबीची पिन खोचताना सगळा जोर नेमका तिथेच येतो. त्या भागाखाली स्क्रूशिवाय एक टेकू नक्की द्यावा. पाय झीरोची अंतरे ५८ बाय २३ आहेत. रास्पबेरी पाय पिकोची भोके २.१ मिलिमीटरची आहेत, त्यांना एम२ चालतो.

ईएसपी३२ च्या बोर्डचे मात्र कोणाच्याही वहीवर विश्वासून भोक पाडू नका, माझ्याही नाही. एकाच नावाने विकले जाणारे बोर्ड रुंदीला आणि भोकांना वेगवेगळे निघतात. हातातला बोर्ड व्हर्नियरने मोजावा. मी तर तो स्कॅनरच्या काचेवर पालथा ठेवून स्कॅन करतो, शंभर टक्के आकारात छापतो, छापलेल्या कागदावर पट्टी लावून खात्री करतो, आणि तो कागद डब्यावर चिकटवून भोकांच्या मधोमध पंच मारतो. आधी दीड मिलिमीटरचे ड्रिल, मग ३.२ चे. थेट मोठे ड्रिल लावले की एबीएसवर ते घसरते.

रविवारचा_सोल्डर (रविवार, दुपारी १.२०)

कागदाची युक्ती फार आवडली. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला एम२.५ चे स्पेसर सुटे मिळतात का? माझ्या नेहमीच्या दुकानात एम३ शिवाय काही नसते.

भोसरी_पॅनेल (रविवार, दुपारी १.४५)

तपकीर गल्लीत मला मिळाले आहेत, पण दोन-तीन दुकाने फिरावी लागली. नायलॉन की पितळ हेही ठरवून जा. रिले मॉड्यूलला नायलॉनचेच घ्या, कारण काही मॉड्यूलवर बसवण्याचे भोक २३० व्होल्टच्या रेषेच्या अगदी जवळ असते आणि पितळी स्पेसरचा षटकोनी खांदा तिला शिवू शकतो. नायलॉनचे आटे हाताच्या जोरानेही निघून जातात, म्हणून ते हलकेच आवळावेत.

त्रिमिती (रविवार, दुपारी ३.००)

ईएसपी३२ पत्र्याच्या पट्टीवर बसवणार असाल, तर अँटेनाचा भाग पट्टीच्या काठाबाहेर येऊ द्यावा आणि त्याच्या आजूबाजूला १५ मिलिमीटरपर्यंत धातू, बॅटरी किंवा तारांचा गठ्ठा ठेवू नये. बोर्ड उलटा फिरवून एवढी एकच गोष्ट साधल्यावर माझा गच्चीवरचा तुटणारा वायफाय स्थिर झाला.

खारे_वारे (रविवार, सायंकाळी ५.३०)

बोर्ड कुठे बसवतो यावर त्याने दिलेली मापेही अवलंबून असतात, हे या निमित्ताने नोंदवतो. हवामान मोजण्यासाठी मी तापमानाचा सेन्सर ईएसपी३२ च्या वर, त्याच डब्यात लावला होता आणि तो बाहेरच्या तापमापकापेक्षा सतत तीन अंश जास्त दाखवत होता. बोर्डवरच्या रेग्युलेटरची ऊब वर चढत होती. सेन्सर डब्याच्या तळाखाली, छोट्या जाळीच्या वाटीत आणल्यावर फरक अर्ध्या अंशावर आला.

गच्चीवरची_टाकी (पुढचा रविवार, सकाळी १०.००)

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर संध्याकाळी बसून नवा डबा जुळवला, त्याचे वर्णन करतो.

तळाला ५ मिलिमीटरची हायलमची पट्टी घेतली. तिच्यावर डावीकडे २३० व्होल्टची वस्ती, उजवीकडे कमी व्होल्टची आणि मध्ये हायलमचीच उभी भिंत आहे. ईएसपी३२ आणि घड्याळ झिरो पीसीबीवरच्या बर्ग स्ट्रिपमध्ये खोचले आणि तो पीसीबी १० मिलिमीटरच्या स्पेसरवर उभा केला. तीन स्क्रू आवळल्यावर चौथ्या कोपऱ्याखाली खरोखरच कागद सरकेल एवढी फट होती. तिथे वायसर घातला. रिले नायलॉनच्या स्पेसरवर आहे.

पॉवर सप्लायसाठी माझ्याकडे प्रिंटर नसल्याने पाळणा हाताने केला. हायलमच्या दोन अरुंद पट्ट्यांच्या काठावर करवतीच्या पात्याने खाच पाडली आणि ती कानसेने बोर्ड न अडखळता सरकेल इतकी रुंद केली. तोंडाशी आडवी पट्टी दोन नायलॉन स्क्रूंनी लावली. डबा उलटा धरून हलवून पाहिला, बोर्ड जागचा हलत नाही. केबल ग्लँडमधून आत येऊन लगेच बांधली आहे आणि रेलच्या तुकड्यावरच्या टर्मिनलवर संपते. मी बाहेरून केबलला लोंबकळण्याइतका जोर देऊन पाहिला, आतली एकही बारीक तार ताणली गेली नाही.

डबा आता पूर्वेच्या भिंतीवर, टाकीच्या सावलीत आहे. अजून एकच शंका आहे. पॉवर सप्लायच्या पाळण्यात खालून हवा खेळण्यासाठी ३ मिलिमीटर जागा उरली आहे. ती पुरेल का?

भोसरी_पॅनेल (पुढचा रविवार, सकाळी १०.३५)

फार नीट काम झाले आहे. एक ईएसपी३२ आणि एक रिले एवढ्या भाराला ते मॉड्यूल फारसे तापणार नाही, तरी अंदाजावर सोडू नका. दुपारी दोन वाजता, पंप चालू असताना डब्याच्या आत तापमापकाची तार घालून झाकण लावा आणि तासाभराने आकडा पाहा. ५५ अंशांच्या वर गेला, तर पाळणा आडव्याऐवजी उभा फिरवा, म्हणजे हवा बोर्डच्या दोन्ही बाजूंनी वर जाईल. तापमापकाची तारही टायने बांधूनच झाकण लावा, ती २३० व्होल्टच्या बाजूला जाता कामा नये. आकडा इथे कळवा.

गच्चीवरची_टाकी (पुढचा रविवार, दुपारी ३.२५)

आत्ताच पाहिला. बाहेर ३८, आत ४७.